न पडलेला पाऊस

गेल्या ज्येष्ठांत माझा भाचा चार दिवस विश्रांतीसाठीं आमच्याकडे आला होता. तो पाटबंधारे खात्यांत अभियंता आहे, आणि कचेरींतील काम मामाच्या ओसरीवर बसून करणें यालाच तो विश्रांति म्हणतो. एके दिवशीं दुपारीं मी सहज त्याच्या मागें जाऊन उभा राहिलों, तों संगणकाच्या पडद्यावरून आंकड्यांच्या रांगांमागून रांगा खालीं सरकत चाललेल्या दिसल्या. हें काय म्हणून मीं विचारलें.

“आपल्या गांवचा पाऊस, मामा.”

“किती वर्षांचा?”

“एक हजार वर्षांचा. रोजचा.”

आमच्या गांवीं, म्हणजे सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी टापूंत, शाळेच्या आवारांत पर्जन्यमापक बसविल्याला अद्याप साठ वर्षें झालेलीं नाहींत, हें मला पक्कें ठाऊक होतें. तेव्हां उरलेलीं नऊशें चाळीस वर्षें यानें कोठून पैदा केलीं, असा प्रश्न मला पडला आणि तो मीं बोलून दाखविला. “तीं तयार केलीं,” भाचा म्हणाला, आणि त्याच शांतपणें त्यानें चहाचा पेला उचलला. गांवाजवळच्या तलावाची भिंत वाढवावी कीं वाढवूं नये, याचा निर्णय त्याच्या वरिष्ठांना करावयाचा होता, आणि त्या निर्णयासाठीं हा पाऊस लागत होता.

मला त्या दिवशीं चहा गोड लागला नाहीं. मी तर्कशास्त्राचा शिक्षक आहें. घडलेलें आणि घडूं शकलें असतें असें, या दोहोंची गल्लत करूं नये, हें मुलांना सांगण्यांत माझें आयुष्य गेलें. आणि आतां माझ्याच ओसरीवर, जो पाऊस कोणत्याही छपरावर कधीं वाजला नाहीं, ज्यानें कोणाचें पीक तारलें नाहीं कीं मारलें नाहीं, अशा पावसाच्या आधारें जित्या माणसांच्या पाण्याचा हिशेब चालला होता. हा खोटेपणा आहे काय? नसेल, तर कां नाहीं? आणि असेल, तर तो क्षम्य आहे काय? त्या चार दिवसांत भाच्याशीं झालेला वाद आणि नंतर केलेलें थोडें वाचन, यांतून जें सुचलें तें येथें मांडीत आहें.

प्रथम हा उद्योग निघाला कां, तें पाहूं. धरण बांधणाराचा मूळ प्रश्न अगदीं गृहिणीचा आहे: सुगीच्या दिवसांत किती सांठवावें, म्हणजे अडचणीचे दिवस निभावतील? १८८३ सालीं रिप्ल नांवाच्या अभियंत्यानें त्याचें एक सरळ उत्तर काढलें. नदीला आजवर वर्षानुवर्षें आलेलें पाणी एकांत एक मिळवीत जावें, त्याची चढती रेषा कागदावर काढावी, मागणीच्या रेषेशीं ती ताडून पाहावी, आणि ज्या दुष्काळांत दोहोंमधील तूट सर्वांत मोठी असेल ती भरून निघेल एवढें धरण बांधावें. पद्धति सुटसुटीत आहे आणि अनेक वर्षें तिनें चांगलें काम दिलें. परंतु तिच्या पोटांत एक गृहीत दडलेलें आहे. तें हें, कीं पुढचीं पन्नास वर्षें मागच्या पन्नास वर्षांसारखींच आणि त्याच क्रमानें येतील. इतिहासाची पुनरावृत्ति होते असें मानणारा कट्टर इतिहासकारही ती तिथिवार होते असें म्हणत नाहीं. तेव्हां, केवळ पडलेल्या पावसावर भिस्त ठेवणारा अभियंताही कल्पितावरच चालत असतो. फक्त त्याचें कल्पित एकच असतें, आणि तें कल्पित आहे याची त्याला जाणीव नसते.

ॲलन हेझन या अमेरिकन अभियंत्यानें १९१४ सालीं यांतून वाट काढण्याचा प्रयत्न केला. एका नदीच्या नोंदी तोकड्या, म्हणून त्यानें चौदा नद्यांच्या नोंदी, प्रत्येकीचें तिच्या सरासरीशीं प्रमाण काढून, एकीपुढें एक जोडल्या, आणि तीनशें वर्षांची एक नदी निर्माण केली. युक्ति धाडसाची खरी. पण शेजारच्या नद्यांवर दुष्काळ बहुधा एकाच वेळीं पडतो, त्यामुळें चौदा साक्षीदार म्हणून उभे केलेले लोक पुष्कळसे एकाच घरचे होते. १९२७ मध्यें चार्ल्स सड्लर यानें जें केलें, तें मला याहून मनोरंजक वाटतें. त्यानें पन्नास पत्त्यांवर वर्षाच्या प्रवाहाचे पन्नास आंकडे लिहिले, पत्ते पिसले, एकेक करून काढले, पुन्हां पिसले, आणि असें वीस वेळां करून हजार वर्षें मांडलीं. एक प्रौढ, प्रतिष्ठित गृहस्थ पत्ते पिसतो आहे आणि प्रत्येक पत्त्याबरोबर एक वर्ष येतें व जातें आहे, हें चित्र वाचकांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. आपल्याकडे दैवाला पत्त्यांच्या डावाची उपमा देतात ती केवळ बोलण्यापुरती. या गृहस्थानें ती कामाला जुंपली. दोष उघड आहेत. वाईटांतलें वाईट वर्ष म्हणजे त्या पन्नासांतील सर्वांत हलका पत्ता, त्याहून वाईट कांहीं येणें शक्य नाहीं. दर पन्नास वर्षांनीं तेच पन्नास पत्ते पुरे व्हावयाचे. आणि मागच्या पत्त्याचा पुढच्यावर कांहीं परिणाम नाहीं.

हा शेवटचा दोष १९६२ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील टॉमस व फिअरिंग यांनीं काढला. त्यांचें सूत्र शब्दांत सांगावयाचें तर असें: या महिन्याचें पाणी म्हणजे या महिन्याची सरासरी, अधिक मागच्या महिन्याच्या कमीजास्तीचा कांहीं वारसा, अधिक दैवाचा वांटा. वारसा किती आणि दैव किती, हें जुन्या नोंदींवरून ठरवावयाचें. त्याच वर्षीं गेब्रिएल व नॉयमन यांनीं तेल अवीवच्या हिवाळी पावसाच्या नोंदी तपासून दाखविलें, कीं आज पाऊस पडण्याचा संभव किती, हें काल तो पडला होता कीं नाहीं एवढ्यावरून बऱ्यापैकीं सांगतां येतें. आमच्या शेतकऱ्याला हें कळण्यासाठीं तेल अवीवला जावयास नको. झड लागली कीं लागते आणि उघाड पडली कीं पडते, हें तो जन्मापासून जाणतो. भाच्याचें यंत्र तेंच करतें. ओल्या दिवसामागून ओला दिवस येण्याचा संभव किती, कोरड्यामागून ओला येण्याचा किती, हें आमच्या गांवच्या नोंदींवरून महिन्यागणिक काढलेलें असतें. यंत्र फांसा टाकतें. फांसा ओला पडला, तर पाऊस किती मिलिमीटर हें ठरविण्यासाठीं पुन्हां एक फांसा टाकतें. अशीं हजार वर्षें त्याला कांहीं निमिषांचें काम आहे.

आतां खोटेपणाचा प्रश्न. त्याचा विचार करतांना मला माझ्याच एका जुन्या कृत्याची आठवण झाली, आणि ती सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

शाळेंतील पर्जन्यमापकाची नोंद ठेवण्याचें काम माझ्या चुलत्यांकडे होतें. शाळेच्या मागें तारेच्या कुंपणांत तें पात्र उभें असे: वर पांच इंच व्यासाचें नरसाळें, आंत बाटली, आणि सोबत खुणा केलेलें कांचेचें माप. रोज सकाळीं साडेआठ वाजतां बाटलींतील पाणी मापांत ओतावयाचें, डोळा पाण्याच्या पातळीशीं आणून आंकडा वाचावयाचा, आणि वहींत लिहावयाचा. पाऊस नसला तरी जावयाचें आणि शून्य लिहावयाचें. काका ह्या बाबतींत कर्मठ होते. कौटिल्यानें कोठारांत पाऊस मोजण्याचें भांडें ठेवावयास सांगितलें आहे आणि अश्मक, अवंति वगैरे देशांच्या पावसाचीं मापें दिलीं आहेत, हें मला प्रथम त्यांनींच सांगितलें. अपरांताचें, म्हणजे आपल्या कोंकणाचें, माप न देतां त्यानें तो पाऊस अपरिमित म्हणून सोडून दिला, हें सांगतांना ते दरवेळीं हसत. आमच्या गांवाच्या बाबतींत कौटिल्यावर तसा प्रसंग आला नसता.

१९८३ च्या श्रावणांत काकूंना दवाखान्यांत ठेवावें लागलें, म्हणून काका आठवडाभर साताऱ्यास गेले आणि वही माझ्या स्वाधीन केली. मी तेव्हां बारा-तेरा वर्षांचा होतों. आमचें घर मळ्यांत, आणि मळा व शाळा यांच्या मध्यें ओढा. पहिले दोन दिवस मी नेमानें गेलों. तिसऱ्या दिवशीं पहाटेपासून बारीक पाऊस लागला होता, आणि हातीं एक कादंबरी होती. मीं दारांतून आभाळाकडे पाहिलें आणि ४.२ लिहिलें. दुसऱ्या दिवशीं ११.६, मग ०.८, मग २.४. सातव्या दिवशीं आभाळ स्वच्छ होतें, तेव्हां शून्य लिहिलें. दशांश घालण्याची हुशारी मला त्या वयांतही होती, आणि एखादें शून्य असलें म्हणजे बाकीचे आंकडे खरे वाटतात हेंही कळत होतें. त्याच दिवशीं काका परत यावयाचे होते. ते दुपारीं आले, कारण आमच्याकडे थेंब नसतांही ओढ्याला रात्रीपासून पूर होता, आणि पाणी उतरेपर्यंत त्यांना पलीकडच्या कांठावर बसून राहावें लागलें. त्यांनीं वही पाहिली आणि “शाबास” म्हणाले. पुढें ती वही जावयाची तेथें गेली. हें मीं आजवर कोणाला सांगितलें नव्हतें.

आतां माझे हे पांच दिवस आणि भाच्याचीं नऊशें चाळीस वर्षें यांत फरक काय? दोन्ही न मोजलेलीं. उलट माझ्या आंकड्यांना वास्तवाचा थोडा तरी स्पर्श होता. मीं निदान आभाळाकडे पाहिलें होतें, यंत्रानें तेवढेंही केलें नव्हतें. तरीही माझें कृत्य खोटेपणाचें आणि त्याचें नव्हे, असेंच माझें मन सांगतें, आणि मला वाटतें तें बरोबर सांगतें. आंकडा जगाशीं किती जुळतो, यावर त्याचा खरेखोटेपणा ठरत नाहीं. तो आंकडा कोणती प्रतिज्ञा करतो यावर ठरतो. वहींतला ४.२ म्हणतो, “मी गेलों, वांकलों, पाहिलें.” यंत्रांतला ४.२ एवढेंच म्हणतो, “असा दिवस या गांवाच्या स्वभावाला धरून आहे.” पहिली प्रतिज्ञा माझ्या तोंडीं असत्य होती. दुसरी सत्य असूं शकते, जरी तो दिवस कधीं उगवला नाहीं तरी.

ॲरिस्टॉटलनें काव्यशास्त्रांत इतिहासकार आणि कवि यांचा भेद सांगतांना, एक घडलेलें सांगतो आणि दुसरा घडूं शकेल असें सांगतो, म्हणून कवीचें काम तत्त्वज्ञानाला अधिक जवळचें, असें म्हटलें आहे. मुलांना हें शिकवितांना मीं शेंकडों वेळां शोकांतिकांचीं उदाहरणें दिलीं. पाटबंधारे खात्याचें उदाहरण देण्याची वेळ येईल असें वाटलें नव्हतें. पण भाच्याची हजार वर्षें या अर्थानें काव्याच्या बाजूचीं आहेत, आणि माझी वही इतिहासाच्या बाजूची होती. इतिहासाच्या वेषांत काव्य शिरलें कीं तें असत्य होतें.

तथापि कवीला एक सोय आहे ती अभियंत्याला नाहीं. नाटक पाहणारा नाटक आहे हें जाणून बसलेला असतो. भाच्याच्या पडद्यावर त्या रकान्याच्या माथ्यावर ‘कृत्रिम’ हा शब्द ठळकपणें होता, हें मीं स्वतः पाहिलें. मीं त्याला विचारलें, कीं अहवालांत काय लिहितोस? तेथें तो शब्द परिशिष्टांत होता. अहवालाच्या सारांशांत ‘अपेक्षित येवा’ असा शब्दप्रयोग होता. सारांशावरून जी टिपणी वर जाईल तिच्यांत ‘उपलब्ध पाणी’ असेल, आणि तलावाच्या भिंतीवर उभें राहून जो कोणी नारळ फोडील तो “एवढें पाणी आहे” असें सांगेल. दर पायरीला एकेक विशेषण गळतें. कोणीही एक मनुष्य खोटें बोलत नाहीं, आणि शेवटच्या मनुष्याच्या तोंडीं मात्र जें निघतें तें माझ्या वहीच्या जातीचें असतें. न्यायालयांत एकट्या माणसाला दोषी ठरवितां येतें. या असत्याला आरोपीच सांपडत नाहीं. भाच्याला हें मान्य झालें, पण परिशिष्टांतला शब्द सारांशांत घेण्यास तो तयार झाला नाहीं. वरिष्ठ घाबरतील, म्हणाला.

कल्पिताला नाक मुरडून “आम्हांला घडलेलें तेवढें सांगा” म्हणणाऱ्यांनीं कोलोरॅडो नदीची हकीकत वाचावी. १९२२ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील सात राज्यांच्या प्रतिनिधींनीं सँटा फे येथें हर्बर्ट हूव्हर यांच्या अध्यक्षतेखालीं ती नदी वांटून घेतली: वरच्या खोऱ्याला वर्षाला ७५ लाख एकर-फूट आणि खालच्या खोऱ्याला ७५ लाख. खालच्यांना आणखी १० लाखांची मुभा होती, आणि पुढें १९४४ च्या तहानें मेक्सिकोला १५ लाख द्यावयाचें ठरलें. वांटणी करणारांच्या पुढें असलेले प्रवाहाचे आंकडे कोणीं रचलेले नव्हते. पण ते थोड्या वर्षांचे होते, आणि तीं वर्षें फार ओलीं निघालीं. नदींत एवढें पाणी नाहीं असें ला रू या सरकारी जलतज्ज्ञानें त्याच दशकांत सांगून पाहिलें. तें कोणाला ऐकावयाचें नव्हतें. १९७६ सालीं स्टॉकटन व जेकोबी यांनीं जुन्या झाडांच्या खोडांतील वर्तुळांवरून मागच्या कित्येक शतकांचा प्रवाह अजमावला, तेव्हां सरासरी १ कोटी ३५ लाखांच्या आसपास निघाली. म्हणजे जें वांटलें तें नदीकडे नव्हतेंच. २०२२ सालीं कराराला शंभर वर्षें होत असतां हूव्हर धरणामागील मीड सरोवराची पातळी, तें १९३० च्या दशकांत भरूं लागलें तेव्हांपासूनच्या सर्वांत खालच्या टप्प्याला गेली. मोजलेल्या आंकड्यांवर येवढी निष्ठा, आणि परिणाम हा.

मला वाटलें, हें उदाहरण भाच्याच्या बाजूचें आहे. पण मीं तें सांगतांच त्यानें स्वतःच मान हलविली. त्या ओल्या वर्षांवरूनच यंत्र चालविलें असतें, तर यंत्रानेंही हजार ओलीं वर्षें काढून दिलीं असतीं, असें तो म्हणाला. फार तर, सरासरीविषयीं एवढी खात्री बाळगूं नका, इतका इशारा मिळाला असता. येथें या विद्येची मर्यादा दिसते, आणि ती तिच्या अनुयायांनीं लपविलेली नाहीं हें त्यांच्या श्रेयाचें आहे. हजार वर्षांच्या मालिकेंत ज्ञान असतें तें साठच वर्षांचें. जी गोष्ट बापानें पाहिली नाहीं ती मुलाला बापाकडून कळावयाची नाहीं.

आणि बापानें न पाहिलेलें पुष्कळ असतें. हॅरल्ड हर्स्ट हा इंग्रज १९०६ सालीं इजिप्तला गेला आणि नाईलच्या हिशेबांत त्यानें जन्म घालविला. कैरोजवळच्या रोडा बेटावर नदीची पातळी मोजण्याची जागा आहे. तेथल्या नोंदी इ. स. ६२२ पासूनच्या मिळतात. धरण किती मोठें असावें हा प्रश्न या दीर्घ नोंदींना विचारून त्यानें १९५१ सालीं आपला निष्कर्ष मांडला. नुसता दैवाचा खेळ असता, तर वर्षांची संख्या शंभर पट झाली असतां सांठ्याची गरज दहा पट व्हावयास हवी होती. हर्स्टला ती सत्तावीस-अठ्ठावीस पट आढळली. आणि केवळ नाईलमध्यें नव्हे, पावसांत, झाडांच्या वर्तुळांत, तळ्यांतील गाळाच्या थरांतही. याचा सरळ अर्थ, वाईट वर्षें एकेकटीं येत नाहींत, कळपानें येतात, आणि चांगलींही तशींच. मौज अशी, कीं हर्स्टही पत्त्यांवरच आला. पण त्यानें जोडांत एक जोकर ठेवला. जोकर निघेपर्यंत पत्त्यांचा कल एका बाजूला राहावयाचा, आणि तो निघाला कीं पुन्हां पिसून नवा कल. सड्लरच्या पत्त्यांना जें साधलें नव्हतें तें या एका जोकरानें साधलें. १९६८ मध्यें मंडेलब्रॉ व वॉलिस यांनीं या कळपाला बायबलांतील योसेफाचें नांव दिलें, सात पुष्ट आणि सात रोड गाईंच्या स्वप्नावरून. आपल्याकडे नांव द्यावयाचें तर तें दुर्गादेवीचें द्यावें लागेल. १३९६ च्या सुमारास सुरू झालेला तो दुष्काळ बारा वर्षें चालला असें परंपरा सांगते. आमच्या शाळेच्या वहींत दुर्गादेवी नाहीं. तेव्हां भाच्याच्या हजार वर्षांत ती आली, तर तो यंत्राचा योगायोग समजावा.

इतकें होऊनही, मला खरा प्रश्न पावसाच्या आंकड्यांत दिसत नाहीं. तो त्यांच्यानंतरच्या एका शब्दांत दिसतो. भाच्याच्या खात्यांत ‘७५ टक्के विश्वासार्हता’ असा शब्द आहे. चारांपैकीं तीन वर्षें एवढें किंवा याहून जास्त पाणी येईल, असा त्याचा अर्थ. चौथ्या वर्षाविषयीं तो शब्द मौन पाळतो. कृष्णेच्या पाणीवांटपाच्या वेळीं न्यायमूर्ति बच्छावत यांच्या लवादापुढें १८९४-९५ ते १९७१-७२ अशा ७८ वर्षांची मालिका होती. तिच्यावरून विजयवाड्यापर्यंतचा ७५ टक्के विश्वासार्हतेचा प्रवाह २,०६० अब्ज घनफूट, लोकांच्या भाषेंत २,०६० टीएमसी, असा सर्व पक्षांनीं मान्य केला, आणि १९७३ च्या निर्णयांत महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० व आंध्र प्रदेशाला ८०० अशी वांटणी झाली. म्हणजे ज्या मालिकेवरून वांटणी झाली, तिच्यांतलींच सुमारें वीस वर्षें वांटणीला पुरीं पडलीं नसतीं. पुढें न्यायमूर्ति ब्रिजेश कुमार यांच्या लवादानें २०१० सालीं ४७ वर्षांची निराळी मालिका घेतली आणि अधिक पाण्याच्या वांटणीसाठीं ६५ टक्क्यांची विश्वासार्हता धरली.

पंचाहत्तर काय किंवा पासष्ट काय, हा आंकडा आभाळानें सांगितलेला नाहीं. पर्जन्यमापकांत तो पडत नाहीं. किती लोकांना थोडें-थोडें पण भरंवशाचें पाणी द्यावयाचें, आणि किती जास्त लोकांना बिनभरंवशाचें, याचा तो निवाडा आहे. आणि दोन्ही बाजूंना बोलण्यासारखें आहे. भरंवसा वाढविला, तर लाभक्षेत्राच्या बाहेर राहिलेल्या गांवांनीं कोणाच्या तोंडाकडे पाहावें? कमी केला, तर आंत आलेल्यानें डाळिंबाची बाग लावावी कीं न लावावी? ज्वारी एक हंगाम बुडाली तर पुढच्या वर्षीं पेरतां येते; बाग वाळली तर ती पुन्हां उभी राहावयास वर्षें लागतात. असले निवाडे करण्यास अभियंत्याला कोणीं नेमलें, हें मला समजत नाहीं. त्यालाही समजत नसावें. टक्केवारीचा शब्द तेथें आधीपासून असतो, आणि तो भरून पुढें जातो.

येथें मात्र त्या न पडलेल्या पावसाच्या बाजूनें एक गोष्ट मला कबूल करावी लागली. ‘चारांत एक’ एवढेंच सांगितलें, तर तें चौथें वर्ष कसें येतें हें कळत नाहीं. एका नापिकीला शेतकरी कर्ज काढतो. लागोपाठ दुसरी आली तर बैल विकतो. तिसरी आली तर मुलगा पुण्याला जातो, आणि तो परत येत नाहीं. तीन सुट्या नापिक्या आणि तीन सलग नापिक्या यांची बेरीज गणितांत सारखी होते, घरांत होत नाहीं. साठ वर्षांच्या नोंदींत अशी तिहेरी नापिकी एकदां आली असेल किंवा आलीच नसेल. एकावरून कोणी काय अनुमान करावें? हजार वर्षांत ती किती वेळां आली हें मोजतां येतें. मीं भाच्याला तें मोजावयास सांगितलें. त्यानें मोजलें, आणि आंकडा पाहून तो थोडा वेळ गप्प राहिला. अहवालाच्या नमुन्यांत त्यासाठीं रकाना नव्हता.

दुसरी गोष्ट मीं त्याला विचारली ती आमच्या घरची आहे. आमचें शेत चारीच्या अगदीं शेवटच्या टोकाला. वरच्या अंगाच्या शेतांना जें चौथें वर्ष, तें आमच्याकडे एकाआड एक वर्षीं येतें. तलावांत पाणी असलें तरी पाळी आमच्यापर्यंत पोंचेतों तें संपलेलें असतें. तुझ्या हजार वर्षांत आमच्या शेताची विश्वासार्हता किती? त्याचें उत्तर सरळ होतें. “तें पावसाच्या फाइलींत येत नाहीं, मामा.”

हवामान बदलत आहे, त्यामुळें जुन्या नोंदींचा स्वभाव पुढें टिकेल हें गृहीतच आतां मेलें, असें २००८ सालीं मिली व त्याच्या सहकाऱ्यांनीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत जाहीर केलें. भाचा म्हणतो, त्यासाठीं यंत्रांतील सरासरी वगैरे बदलून पाहतां येतात. पाहावींच. परंतु ‘गांवाचा स्वभाव’ ज्या प्रतिज्ञेंत मीं वर धरला, तिच्यांतला स्वभावच तर्कानें ठरवूं लागल्यावर ती प्रतिज्ञा किती सांभाळतां येईल, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

चौथ्या दिवशीं तो निघाला तेव्हां मीं त्याला १९८३ च्या श्रावणाची गोष्ट सांगितली. आपल्या आजोबांच्या वहींत हें असावें याचें त्याला प्रथम हसूं आलें, मग तो गंभीर झाला, आणि त्यानें तारखा विचारल्या. तिथि आठवत होत्या. त्यांवरून पंचांग पाहून तारखा काढून दिल्या. तो म्हणाला, आसपासच्या केंद्रांशीं ताडून पाहतों. न जुळणारे असतील तर तेवढे दिवस गाळतां येतील.

पंधरा दिवसांनीं त्याचा निरोप आला. तो आठवडा तपासला. चारी बाजूंच्या केंद्रांशीं तुमचे आंकडे उत्तम जुळतात, तेव्हां ते ठेवले आहेत. सातव्या दिवशीं मात्र ओढ्याच्या उगमाकडील डोंगरावरच्या केंद्राची नोंद ५२ मिलिमीटरची आहे. त्या दिवशीं सगळीकडे शून्य किंवा एखाद-दुसरा मिलिमीटर असतां एकाच ठिकाणीं एवढा पाऊस संशयास्पद वाटल्यामुळें ती नोंद काढून टाकली आहे.

मीं त्याला काकांची आणि ओढ्याच्या पुराची हकीकत लिहून पाठविली. त्याचें उत्तर अजून आलेलें नाहीं.